खिसे तपासा

आमच्या ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या वर एक पुठ्ठा चिकटवलेला आहे. त्यावर माझ्या अक्षरात लिहिलंय, ‘खिसे तपासा’. लेक कॉलेजात असताना तिच्या जीन्समधल्या कागदी रुमालाने माझ्या सगळ्या शर्टांवर पांढरा भुगा चिकटवला होता, त्या दिवशी मी तो लावला. तिने खाली पेनने जोडलं, ‘हुकमावरून, बाबा’. घरात कायदे मी करायचे आणि त्यांची टिंगल तिने करायची, असं आमचं बरं चाललं होतं.

मग तिने लग्न ठरवलं. मुलगा सारसोळ्याच्या कोळीवाड्यातला, आमच्या नेरूळच्या घरापासून चालत वीस मिनिटांवरचा. त्याचे आजोबा खाडीत मासे मारायचे, तो स्वतः इंजिनिअर. आम्ही घाटावरचे, आणि मी जात-बित मानत नाही असं आयुष्यभर चारचौघांत सांगत आलेलो. त्याच गावच्या बायकांकडून तीस वर्षं बोंबील घेतले, पण सोयरीक म्हटल्यावर पोटातलं सगळं वर आलं. मी जे बोललो ते इथे लिहायची लाज वाटते. शेवटी म्हणालो, “मी लग्नाला येणार नाही.” आणि एकदा बोललो की मागे हटायचं नाही, हा माझा जुना आजार.

लग्नाच्या दिवशी बायको एकटीच हॉलवर गेली. मी तिला सांगितलं होतं, वाशीच्या मार्केटला कांदे आणायला जातोय. ती गेल्यावर मी कपाटातली करडी पँट काढली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि रिक्षाने थेट हॉल गाठला. शेवटच्या रांगेच्याही मागे, एका खांबाआड उभा राहिलो. अक्षता वाटत एक म्हातारे गृहस्थ आले, मुलाकडचे असावेत. मला ओळखत नव्हते. माझ्या हातावर मूठभर अक्षता ठेवून म्हणाले, “तुमी मागं कशाला उबं? फुडं या ना. आपलंच लगीन हाय.”

मंगलाष्टका सुरू झाल्या. प्रत्येक ‘सावधान’ला सगळ्यांचे हात वर जात होते. माझा काही जाईना. गर्दीतून मला लेकीच्या फक्त मुंडावळ्या दिसत होत्या. डोळे भरून आले होते, तरी मूठ उघडली नाही. अक्षता टाकल्या म्हणजे ‘हो’ म्हटलं, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं. शेवटची मंगलाष्टका सुरू व्हायच्या आत त्या खिशात कोंबल्या आणि निघालो. परतताना मार्केटात उतरून दहा किलो कांदे घेतले, पुरावा म्हणून.

त्यानंतर महिनाभर लेकीशी बोलणं नाही. ती रोज आईला फोन करायची आणि मी पेपरआडून कान टवकारायचो. फोन ठेवायच्या आधी ती विचारायची, “आम्ही येऊ का? बाबांना विचार ना.” बायको माझ्याकडे बघायची आणि मी पान उलटायचो. तिने यावं असं मला वाटत नव्हतं का? जीव तुटत होता. पण एवढं सगळं बोलून झाल्यावर ‘ये’ कसं म्हणायचं, ते समजत नव्हतं.

अशात एका रविवारी सकाळी मशीन मध्येच थांबलं. आत पाणी, दार बंद, आणि समोर कसलासा कोड लुकलुकतोय. कंपनीत फोन केला तर माणूस यायला तीन दिवस लागतील म्हणाले. तोवर कपडे कुजतील असं म्हणत मी बाह्या सरसावल्या. खरं सांगायचं तर, बऱ्याच दिवसांत काहीतरी बिघडलेलं माझ्या हातून नीट होईल, अशी ती पहिलीच संधी होती.

“अहो, हात नका घालू,” बायको म्हणाली. “मागे मिक्सर दुरुस्त केलात, तेव्हा नवाच घ्यावा लागला.”

“तो मिक्सर जुना होता.”

आधी पाणी सोडायचं बटण दाबून मशीनला कान लावला. पंप घुंऽऽ करत होता, पण बाथरूमच्या जाळीपाशी थेंब नाही. म्हणजे पंप जिवंत आणि वाट बंद. मग प्लग काढला. मागची नळी सोडवून फुंकून बघितली, ती साफ होती. आता राहिला फिल्टर. खाली कोपऱ्यात त्याचं छोटं झाकण असतं, ते चमच्याच्या दांड्याने उघडलं, पुढे परात सरकवली आणि बारक्या नळीचं बूच काढलं. पाणी आलं ते किंचित गुलाबी.

“तुझ्या साडीचा रंग गेला,” मी जाहीर केलं.

“साडी टाकलेलीच नाही.”

दोघांनी मिळून सात-आठ पराती पाणी बाथरूममध्ये ओतलं. कंबरडं मोडायची वेळ आली. मग फिल्टर फिरवायला गेलो तर तो हलेना. फडक्याने धरून जोर लावला, तसा करकरत बाहेर आला आणि त्याच्यामागून एक चिकट लगदा आला. माझा पारा चढला.

“बघितलंस? कोणीतरी खिशात काहीतरी ठेवलंय! एवढा मोठा पुठ्ठा लावलाय डोळ्यांसमोर. या घरात कोणाला वाचता येतं की नाही?”

“माझ्या कपड्यांना खिसे नाहीत,” बायको शांतपणे म्हणाली.

लगदा परातीत पडून फुटला. त्यात दोरे होते, लव होती आणि तांदूळ होते. फुगलेले, अर्धवट शिजल्यासारखे, एखाद्या दाण्याच्या टोकाला अजून कुंकू. मी झाकायला हात पुढे केला, पण ती आधीच खाली बसली होती. तिने एक दाणा बोटावर घेतला.

“ह्या आपल्या अक्षता आहेत. आदल्या दिवशी मीच केल्या, तुम्ही समोर पेपर वाचत होतात.” तिने मशीनच्या काचेतून आत बघितलं. करडी पँट काचेला चिकटली होती. दाराआड महिनाभर टांगलेली, आज तिनेच धुवायला टाकलेली. “कांदे आणायला ही पँट घातली होतीत?”

मी ओल्या फरशीवरच बसलो.

“कुठे उभे होतात?”

“खांबाआड.”

“जेवलात?”

“नाही.”

तिने पदराने डोळे पुसले. “पोरगी सारखी दाराकडे बघत होती हो,” ती म्हणाली. मला वाटलं, फरशी दुभंगेल तर बरं. त्या खांबाला टेकून मी कोणावर सूड उगवत होतो, कोण जाणे.

उठून फिल्टर नळाखाली घासला. आत बोट घालून पंपाचं पातं फिरतंय का ते बघितलं. फिरत होतं. सगळं परत बसवलं, प्लग लावला, बटण दाबलं. मशीनने थोडं नवं पाणी घेतलं आणि ते जाळीत खळखळ पडायला लागलं. त्या आवाजाने मला काय झालं ते सांगता येत नाही, पण मी बायकोचा फोन उचलला आणि लेकीचा नंबर लावला.

“आई?”

“मी आहे.”

“बाबा? आई बरी आहे ना?” ती घाबरली होती. महिन्याने बापाचा आवाज ऐकून पोरीला आधी भीती वाटावी, हे मला फार लागलं.

“बरी आहे. मशीन बंद पडलं होतं. मी दुरुस्त केलं.”

“तुम्ही?”

“फिल्टरमध्ये तांदूळ अडकले होते. माझ्या खिशातले. तुझ्या लग्नातले.” परातीतला एक दाणा मी बोटावर घेतला. “मी आलो होतो ग. मागे उभा होतो. चुकलं माझं. अक्षता टाकायच्या राहिल्या.”

तिने नाक ओढलं. मग म्हणाली, “खिसे तपासले नाहीत ना?”

आम्ही दोघंही हसलो.

“मग संध्याकाळी येऊ आम्ही? दोघं?”

“या,” मी म्हणालो. “या वेळी पुढे उभा राहतो.”

फोन ठेवला तोवर मशीन कपडे पिळायला लागलं होतं. बायकोने तांदळाचा डबा, एक वाटी आणि कुंकवाचा करंडा माझ्यासमोर आणून ठेवला.

“ह्या तुम्ही करा,” ती म्हणाली, आणि स्वयंपाकाला लागली.