आतोबांच्या पऱ्या

आमच्या आतोबांइतका हट्टी माणूस अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत दुसरा झाला नसेल. आत्याचे हे यजमान नोकरीभर मोरिवलीला रंगाच्या कारखान्यात पिंपं ढवळत होते. पण जीव अडकला होता तो व्हिक्टोरिया राणीच्या काळात पऱ्या रंगवणाऱ्या इंग्रज चित्रकारांत. उल्हासनगरच्या एका रद्दीवाल्याकडे त्यांना त्या चित्रांचं जाडजूड पुस्तक सापडलं होतं. "साईं, बच्चों की किताब है, पोती को दे दो," रद्दीवाला म्हणाला. आतोबा उखडलेच. "दाढीवाल्या बाप्यांनी आयुष्यं घातलीत यात! एक जण तर वेड्यांच्या इस्पितळात बसून वर्षानुवर्षं एकच चित्र रंगवत होता." तेव्हापासून बेलवलीच्या घरात भिंग लावून, तीन केसांच्या कुंचल्याने तेही पऱ्या काढू लागले. करंगळीच्या नखाएवढ्या. अळंबीखाली बाजार मांडणाऱ्या, बेडकाला लगाम घालणाऱ्या. पंख बिनचूक यावेत म्हणून मेलेले चतुर काडेपेटीत जपायचे. पाहुणा चुकून "छान फुलपाखरं" म्हणाला की त्याचा चहा रद्द. आत्या म्हणायची, "पऱ्यांना रोज रंग लावता, घराला कधी लावणार?" त्यावर शांतपणे, "घराला मोठा ब्रश लागतो. तो माझ्याकडे नाही."

एका फळीवर त्यांनी पऱ्यांची वरात काढायला घेतली होती. कित्येक वर्षांनी ती अर्ध्यावर आली, आणि एके सकाळी त्यांना परीचा चेहराच दिसेना. भिंग बदललं, खिडकीशी बसून पाहिलं. नजरेच्या मधोमध डाग पडला होता. भोवतालचं दिसे, ज्याकडे बघावं तेवढंच दिसत नसे. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत यायचं नाही. तरी महिनाभर ते अंदाजाने रंगवत राहिले. मग मला बोलावून म्हणाले, "खरं सांग रे, कशा आल्यात?" चेहऱ्यांच्या जागी नुसते ओघळ होते. मला खोटं बोलता आलं नाही. त्यांनी कुंचला धुतला, पुसला, फळी भिंतीकडे तोंड करून ठेवली आणि स्वतःही तसेच पडून राहिले. जेवण टाकलं. बोलायचे ते एवढंच, "हात शाबूत आहेत रे. त्यांचं काय करू?"

परवा गेलो तर आत्या ते पुस्तक मांडीवर घेऊन त्यांच्या पलंगाशी बसली होती. तिला इंग्रजी येत नाही, आणि पऱ्या तर कधीच आवडल्या नाहीत. "अहो, ही एक बाई पानावर निजलीय. पायात काही नाही. गारठली असेल हो."

"पांघरूण?"

"कोळ्याच्या जाळ्याचं दिसतंय."

आतोबा भिंतीकडून तिच्याकडे वळले. मग म्हणाले, "पान हळू उलट. जागी होईल ती."