सात वाजताची वाफ

१० फेब्रुवारी १९८५, रविवार. मुलुंडला आमच्या इमारतीच्या गच्चीवर दुपारी माझ्या थोरल्या भावाने चार हजार रुपये एका कारखानदाराच्या हातात मोजून दिले. हजर होतो चौघे: दादा, वहिनी, तो कारखानदार आणि मी. त्या पैशांत दहा सौरचुली यायच्या होत्या, प्रत्येकी चारशेला. दादाने त्या साडेचारशेला विकायच्या, वरचे पन्नास त्याचे.

पैसे गिरणीच्या फंडातले होते. संप लांबत गेला आणि गिरणी पुन्हा उघडली तेव्हा कामावर परत घेतलेल्यांत दादा नव्हता. फंडातले बरेचसे पैसे तोपर्यंत घरात खर्च झाले होते. हे चार हजार शेवटचे. ते फिरते राहिले तर नाहूरच्या खोलीत राहायचं, नाहीतर खोली विकून गावी जायचं, असं त्या नवराबायकोने ठरवलं होतं. मूलबाळ नव्हतं. गावी घर होतं, पण त्यात चुलत्यांचा संसार होता आणि वहिनीला तिथे कोणाच्या चुलीवर अर्ध्या वाट्याने राहायचं नव्हतं.

कारखानदाराने त्या दिवशी नमुन्याची चूल आणली होती. पत्र्याची चौकोनी पेटी, आतून काळी, वर दुहेरी काच आणि झाकणाला आरसा. सकाळी त्याने काळ्या डब्यांत तांदूळ, डाळ आणि बटाटे ठेवून पेटी उन्हात मांडली होती. पैसे देण्याआधी दादाने स्वतः काच उचलली. भाताची वाफ त्याच्या तोंडावर आली. त्याने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा त्या पेटीत वाकून पाहिलं.

"वाफ तीच," तो म्हणाला. "पण कोळसो नाय. धूर नाय. बघितलंस?"

हे दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी लक्ष दिलं नसतं. दादाने बावीस वर्षं गिरणीच्या बॉयलरवर काढली होती. फावड्याने कोळसा मारायचा, राख ओढायची, वाफेच्या दाबाचा काटा खाली येऊ द्यायचा नाही. घरी आला की वहिनी त्याचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची. खोकला तेव्हापासूनचा. गिरणी सुटली, खोकला सुटला नाही. अशा माणसाला धुराशिवाय शिजलेला भात दाखवल्यावर त्याला भाव करायचं सुचलं नाही. भाव मी केला. कारखानदार चारशे वीस म्हणत होता.

मी विक्रोळीच्या एका कारखान्यात हिशेब खात्यात नोकरीला होतो. दादाने मला गिऱ्हाइकांना दाखवायला एक कागद करून द्यायला सांगितलं. तो मी मन लावून केला. चौघांच्या घराला रॉकेल किती लागतं, रेशनवर किती मिळतं, उरलेलं दुप्पट भावाने काळ्या बाजारात घ्यावं लागतं. गॅस स्वस्त आणि स्वच्छ, पण नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. दादाचाच नंबर सहा वर्षांपूर्वी लावलेला होता. विजेची शेगडी गावाकडे निरुपयोगी, पण मुंबईत वीज सहसा जात नाही. तिचं बिल मात्र सगळ्यांत जड. आणि सौरचूल: एकदाच साडेचारशे, पुढे इंधनाचा खर्च शून्य. दुपारचं जेवण तिच्यावर झालं तर महिन्याला चोवीस रुपये वाचतात. पावसाचे चार महिने मी प्रामाणिकपणे वगळले. वर्षाचे एकशे ब्याण्णव. म्हणजे दोन वर्षं चार महिन्यांत पेटी फुकट.

आकडे बरोबर होते. आजही मी ते पुन्हा मांडले तर तसेच येतील.

कागद प्रथम माझ्या बायकोने वाचला. ती पोळ्या लाटत होती. हात न थांबवता म्हणाली, "छान आहे. पण ह्यात डब्याची वेळ कुठेय?"

"कसल्या डब्याची?"

"तुमच्या. सव्वासातला नेता तो."

मी म्हटलं, ते बायका जमवून घेतील. ती हसली आणि पोळी तव्यावर टाकली.

पहिलं प्रात्यक्षिक नाहूरला दादाच्याच चाळीसमोर झालं. दादाने धुवट सदरा घातला होता. पेटी पत्र्याच्या स्टुलावर मांडून आरशाचा झोत आत पडेल अशी तो सारखी फिरवत होता. बायका जमल्या. भाताचं कौतुक झालं, रताळी तर सगळ्यांना फार आवडली. माझा कागद हातोहात फिरला. एकीने मोठ्याने वाचूनही दाखवला. दादाला वाटलं, तीन तरी आज जातील.

मग समोरच्या खोलीतली एक बाई, जिचा नवरा भांडुपला कारखान्यात होता, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "दादा, सगळं झकास. पण आमचं माणूस सातला घर सोडतं. तुमचा सूर्य येतो नवाला, वर त्याला भात शिजवायला तीन तास. मग डबा पोचवणार कोण? सूर्य?"

सगळ्या हसल्या. दादाही हसला. पण ती थांबली नाही.

"आणि माझी पोरं अकरालाच जेवून दुपारच्या शाळेला. रात्री ह्यांना गरम पाहिजे. तुमच्या पेटीला दुपारी बाराला भूक लागलेला माणूस लागतो हो, तो आमच्यात एकही नाही."

"रविवारी?" दादाने विचारलं.

"रविवारी मटण. ते शिजेल ह्यात?"

"शिजात. वेळ लागात."

"तोवर आमची वाट लागेल!"

पुढचे दोन महिने तो मुलुंड, नाहूर, कांदिवली असा हिंडला. नमुन्याची पेटी जड, कधी हातगाडीवर, कधी टेम्पोवाल्याच्या पाया पडून. प्रत्येक ठिकाणी भात शिजायचा, कौतुक व्हायचं आणि तेच उत्तर मिळायचं. शब्द बदलायचे एवढंच. कोणी ऑफिस म्हणायचं, कोणी पाळी म्हणायचं, कोणी शाळा.

चार पेट्या विकल्या गेल्या. एक मुलुंडला एका निवृत्त मास्तरांनी घेतली. एक नाहूरच्या एका विधवा बाईंनी, ज्यांचा मुलगा आखातात होता. कांदिवलीला दोन, एक वयस्क जोडप्याने आणि एक त्यांच्याच शेजारच्या, अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याचं करणाऱ्या बाईने. मी हे तेव्हा पाहिलं नाही, वहिनीने पाहिलं. ती म्हणाली, "भावोजी, ज्या घरातसून सकाळी कोणच बाहेर पडणा नाय, थंयच ही पेटी जाता."

पाचवी मी घेतली. दादा पैसे घेईना, मी ते वहिनीकडे दिले. रविवारी आम्ही ती गच्चीवर लावायचो. एकदा बायकोने तिच्यात बांगड्याचं तिखलं ठेवलं. पेटीतला वास हळूहळू बाहेर येतो आणि तासन्‌तास राहतो. गच्चीवर तिसऱ्या मजल्यावरच्या गुजराती बाईंचे पापड वाळत होते. त्या पापड गोळा करून खाली घेऊन गेल्या. त्यानंतर आमच्या पेटीत फक्त वरणभात.

जूनमध्ये आभाळ भरलं आणि प्रश्नच मिटला. उरलेल्या पाच पेट्या दादाच्या खोलीत एकावर एक रचलेल्या, त्यांवर प्लॅस्टिक आणि प्लॅस्टिकवर वहिनीची लोणच्याची बरणी. खोली तशीच दहा बाय बाराची. मी एका संध्याकाळी गेलो तेव्हा दादा पेट्यांना पाठ लावून बसला होता. वहिनी स्टोव्हला पंप मारत होती. रॉकेलचा भपका आला आणि दादाला खोकल्याची उबळ आली ती बराच वेळ थांबली नाही.

थांबल्यावर तो म्हणाला, "तुका ठावक आसा, बॉयलर आमी कधी पेटवत होतो?"

मी म्हटलं, नाही.

"पहाटे तीनाक. सुट्टी झाल्यावर तर आदल्या राती. कित्याक? सात वाजता खात्यात वाफ होई. सात म्हणजे सात. वाफ साडेसाताक इली तर साहेब विचारी नाय कोळसो किती वाचलो ता." त्याने पाठीमागच्या पेटीवर हात ठेवला. "बावीस वर्सां मी सात वाजता वाफ दिलंय रे. आणि माकाच दिसूक नाय."

"कागद माझा होता," मी म्हटलं.

"कागद बरोबर होतो." त्याने हात झटकला. "लोकांक स्वस्त नको. लोकांक सात वाजता होया."

माझ्या बायकोने पोळ्या लाटताना हेच सांगितलं होतं. तिला बॉयलर माहीत नव्हता.

दिवाळीनंतर त्याचं वजन उतरत गेलं. दवाखान्यात छातीचे फोटो काढले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की दोन्ही फुप्फुसं आतून राठ झालीत, आता आराम हाच उपाय. घरी स्टोव्ह पेटला की त्याचा जीव घाबरा व्हायचा. म्हणून वहिनीने वरची एक पेटी उतरवली, स्वतःसाठी ठेवली आणि दारासमोर मांडली. त्याला पेज लागायची, उकड्या तांदळाची, गावाकडची. तो तांदूळ स्टोव्हवर फार वेळ घेतो, रॉकेल पितो. पेटीत तो सावकाश, न लागता शिजायचा. त्या घरात आता सकाळी कोणी बाहेर पडत नव्हतं.

दादा आतून कॉटवर पडून लक्ष ठेवायचा. "गो, ऊन फिरला. पेटी फिरव." वहिनी हातातलं काम टाकून जायची. कधी तो झोपेत आहे असं वाटून ती गेली नाही, तर डोळे न उघडता पुन्हा म्हणायचा, "फिरवलंस?" समोरची बाई, तीच कमरेवर हात ठेवणारी, येता-जाता स्वतःहून पेटी फिरवू लागली. विकत मात्र तिने घेतली नाही. तिने घ्यावी असं आम्हालाही वाटलं नाही.

जानेवारीत एका सकाळी वहिनीने नेहमीप्रमाणे डब्यात तांदूळ धुऊन घातले, पाणी ओतलं आणि पेटी उन्हात ठेवली. साडेदहाच्या सुमारास दादा गेला. मला कारखान्यात फोन आला. मी पोचलो तेव्हा खोली बायकांनी भरलेली होती, पुरुष बाहेर बांबू बांधत होते. पेटी कोणीतरी वाट मोकळी करायला भिंतीकडे सरकवली होती, पण ऊन तिथेही होतं.

आम्ही स्मशानातून परत आलो तेव्हा तीन वाजून गेले होते. अशा घरात त्या दिवशी चूल पेटवत नाहीत, शेजाऱ्यांनी पिठलंभात आणला होता. समोरच्या बाईने पेटी उचलायला काच उघडली आणि ती तशीच उभी राहिली. पेज शिजून तयार होती. वाफ निघत होती.

"आता काय करायचं?" तिने एका म्हाताऱ्या बाईला हळूच विचारलं. "हे चूल पेटवण्यात धरायचं का?"

म्हातारीने पेटीत वाकून पाहिलं. "विस्तव तर लावलाच नाय कोणी," ती म्हणाली. "पण शिजला खरा."

सगळ्यांनी वहिनीकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून बसली होती, सकाळपासून तिने तोंडात पाणीही घेतलं नव्हतं. ती म्हणाली, "हाडा हय." डबा तिच्यासमोर ठेवला. तिने मीठ मागितलं. दोन घास खाल्ले, तिसरा घेतला नाही. मग डब्याला झाकण लावून म्हणाली, "आज कोणी फिरवूक नाय. तरी शिजली."



उरलेल्या चार पेट्या फेब्रुवारीत कारखानदाराने दीडशेप्रमाणे परत घेतल्या. त्याने घेतल्या हेच पुष्कळ, करारात तसं काही नव्हतं. सहाशे रुपये आले. पाच पेट्यांच्या विक्रीचे बावीसशे पन्नास औषधपाण्यात आधीच गेले होते.

मार्चमध्ये गॅसच्या एजन्सीचं कार्ड आलं, दादाच्या नावावर. नंबर लागला होता. मी वहिनीला म्हटलं, नावावर करून घ्यायला खेपा पडतील, शिवाय तुम्हाला एकटीला गॅस कशाला, पैसे ठेवा, पाहिजे तर माझ्याकडे मुलुंडला या. गावाचं नाव मी काढलं नाही.

"भावोजी, माका गॅस होयो," ती म्हणाली. समोरच्या बाईच्या नवऱ्याबरोबर काम करणारे तीन एकटे पुरुष होते, त्यांना डबा हवा होता. बाईनेच ठरवून दिलं होतं. "साडेसहाक तयार होयो. स्टोव्हार तिघांचा व्हवचा नाय. आणि उन्हाक काय घड्याळ आसता?"

मृत्यूच्या दाखल्याची नक्कल आणि अर्ज घेऊन आम्ही दोघे एजन्सीत तीनदा गेलो. आमची जुनी दोन बर्नरची शेगडी मी तिला आणून दिली. पुढे तिचे डबे तीनाचे सात झाले आणि खोली राहिली. पहाटे पाचला तिचा गॅस पेटायचा. डबे गेल्यावर ती स्वतःपुरते उकडे तांदूळ पेटीत लावायची, आणि मी कधी सुट्टीच्या दिवशी गेलो तर बोलता बोलता उठून पेटी फिरवून यायची.

कार्ड वहिनीच्या नावावर झालं त्या दिवशी सिलिंडर आणि रेग्युलेटरची अनामत, नळी आणि पहिलं भरलेलं सिलिंडर मिळून पाचशे ऐंशी रुपये झाले. ते पेट्यांच्या सहाशेतून वहिनीने स्वतःच्या हाताने एजन्सीच्या कारकुनाला दिले. उरलेले वीस सिलिंडर चाळीपर्यंत आणणाऱ्या हातगाडीवाल्याला.