पेला पुसणारी कडकबाई

आमच्या गल्लीत सध्या अशी बातमी आहे की, खालच्या लाँड्रीतल्या कडकबाईनं प्रार्थनाघरातला चांदीचा पेला पळवला, विकला आणि त्यातून नवीकोरी इस्त्री घेतली. ही बातमी माझ्याकडून पसरलेली नाही. माझ्याकडून पसरली असती तर तिला जरा मीठमसाला असता. पेला नेला हे खरं, पण विकलेला नाही. आणि ती इस्त्रीही नवी नाही. ती धाकटीची. कडकबाईनं तिचा तळ राखेनं घासला, मुठीची काजळी खरवडली आणि टेबलाच्या पलीकडच्या टोकाला, होती तिथंच ठेवली. तिच्यात आता कोणी निखारे भरत नाही.

धाकटी म्हणजे तिची जाऊ. कडकबाईचा नवरा केव्हाच गेला, दीर जहाजावर नोकरीला. घरात या दोघी आणि धाकटीची लहान मुलगी. दिवसभर एका टेबलाच्या दोन टोकांना दोघी उभ्या, मधे कपड्यांचा ढीग आणि भांडण. मी बरोबर वरच्या मजल्यावर राहते, मला रेडिओ लावावा लागला नाही कधी.

"ए धाकटे, या कॉलरला इस्त्री केलीस की नुसती तिची समजूत काढलीस?"

"तुमच्यासारखी कडक केली तर गिऱ्हाइकाचा गळा कापेल, जाऊबाई!"

कडकबाईची खळ आणि स्वभाव, दोन्ही सारखेच कडक. नाव पडलं ते तिथूनच. त्यात स्वच्छतेचं भारी वेड. माझ्याकडं चहाला आली की कप आधी उजेडात धरायची. एकदा मी म्हटलं, "बघा बघा, आधीच्या पाहुण्याचं तोंड दिसतंय का." तर उठली आणि माझाच कप माझ्याच मोरीत धुऊन आली.

म्हणून तर पेल्याचं काम तिच्याकडं आलं. आमच्यात प्रार्थना संपली की सगळ्यांनी एकाच पेल्यातून घोटभर पाणी प्यायचं असतं. प्रार्थना चालवणारे गृहस्थ, त्यांना सगळे थोरलेच म्हणतात, ते पहिले. मग बाकीची रांग. खोलीला खिडक्या असून बंद, खांद्याला खांदा, गाऊन गाऊन सुकलेले घसे. प्रत्येक घोटानंतर कडकबाई पेल्याची कड पुसायची. फडकं असं पांढरंशुभ्र, की बघणाऱ्याला आपलंच तोंड अस्वच्छ वाटावं. धाकटी लाँड्रीतले निखारे झाकून धावत यायची, त्यामुळं तिचा नंबर कायम शेवटचा. तिच्यासाठी कडकबाई कड जरा जास्तच घासायची आणि पुटपुटायची, "घे, चकाचक केलाय. लवकर येशील तर शप्पथ."

वर्षाच्या मोठ्या मेळाव्याला बाहेरगावचीही माणसं आली. एकदोघांचे घसे बसले होते. आम्हाला वाटलं, गाण्यानं बसले असतील, केवढी ही भक्ती! मेळावा उठला आणि गल्लीत घरोघर गुळण्या सुरू झाल्या. ताप, घशात काटे. मीही पडले. माझी बोलती बंद झाली, ही या साथीतली एकमेव चांगली गोष्ट, असं आमच्या घरात अजून बोललं जातं. म्हातारी माणसं काही गेली. आणि धाकटी गेली. तिचा घसा आतून सुजला, श्वास आत जाईना. दवाखान्यात जाताना कडकबाईच्या खांद्यावर मान टाकून गेली ती परत आलीच नाही.

मग आरोग्य खात्याची एक मुलगी चौकशीला आली. मी तिथंच होते. म्हणजे, मी कुठं नसते? मेळाव्यात कोण कुठं बसलं, काय खाल्लं, काय प्यायलं, असं विचारत विचारत ती पेल्यापर्यंत आली.

"पेला मधूनमधून पुसत होता का, मावशी?"

"मधूनमधून?" कडकबाईला रागच आला. "प्रत्येक माणसामागं पुसते मी! एकालाही उष्टं लागू देत नाही."

"आणि फडकं?"

"हे काय, हेच." तिनं अभिमानानं घडी पुढं केली. "उकळून, खळ घालून, इस्त्री केलेलं."

"हे एकच? सगळ्यांना?"

त्या मुलीनं वहीत काहीतरी लिहिलं. मग हळूच म्हणाली, "नुसतं त्यानंच झालं असं नाही, मावशी. बंद खोली, गाणं, गर्दी, सगळंच." पण कडकबाईच्या कानात त्यातलं काही गेलं नाही. ती फडक्याकडं बघत होती, आणि मला कळलं, ती मनातल्या मनात रांग मोजत चालली होती, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत.

त्यानंतर ते फडकं तिनं इतकं उकळलं की त्याच्या चिंध्या झाल्या. टेबलापलीकडं बघून अजूनही एखादं वाक्य अर्धं बोलते, "ए धाक..." वरून ऐकताना मी माझी भांडी उगाच आपटते.

परवा थोरल्यांनी जाहीर केलं की, साथीत बंद केलेलं प्रार्थनाघर पुन्हा उघडणार. गेलेल्यांच्या स्मरणार्थ पेला फिरणार, आणि धाकटीची मुलगी आईच्या जागी रांगेत उभी राहणार. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच संध्याकाळी कडकबाई झाडायला म्हणून आत गेली आणि पेला पदराखाली घालून घरी आली.

आज थोरले लाँड्रीत आले. मीही एक चुरगळलेला रुमाल घेऊन इस्त्रीला खाली उतरले. पेला कपडे उकळायच्या हंड्यात खळखळत होता. मुलगी कोपऱ्यात मोज्यांच्या जोड्या लावत बसली होती.

"वहिनी, पेला द्या," थोरले म्हणाले. "देवाच्या पाण्यानं कधी रोग होतो का? पोरीला आईच्या जागी उभी राहू दे. तुमची श्रद्धा कुठं गेली?"

कडकबाईनं चिमट्यानं पेला बाहेर काढला. त्यातून वाफ निघत होती. तो तिनं धाकटीच्या इस्त्रीशेजारी ठेवला.

"देते की. पण या खेपेला धाकटीच्या जागेवर तुम्ही उभं राहायचं, थोरले. सगळ्यांच्या मागून, शेवटी तुम्ही प्यायचं."