मामांची बेरीज

कारेगावात आमच्या शेजारच्या खोलीतले मामा कंपनीत इलेक्ट्रिशियन आहेत. कुणी नवं काही प्लगला लावलं की ते मीटर घेऊन हजर होतात आणि डोळे मिटून पुटपुटतात, "व्होल्ट गुणिले अँपिअर." तेवढ्यात चहा विचारला तरी आधी आकडा पुरा करतात.

आईसाठी ऑक्सिजनचं मशीन आणलं तेव्हा मला धास्ती होती. सगळ्या खोल्यांची लाइन एकच, आणि सकाळी सगळ्यांचे अंघोळीच्या पाण्याचे हिटर लागले की फ्यूज उडायचा. मामांनी मशीनचा करंट मोजला. "दोनशे तीस व्होल्ट, दीड अँपिअर. साडेतीनशे वॅट बी न्हाई." मग त्यांनी एकेका दाराकडं बघत हिटरांची बेरीज केली. "बसतंय. आईला निवांत झोपू द्या."

माझा जीव भांड्यात पडला. थंडीभर फ्यूज उडाला नाही.

एकदा पहाटे मामा नळावर गार पाण्यानं अंघोळ करताना दिसले. त्यांनी बेरजेत स्वतःचा हिटर धरलाच नव्हता.