धोंडीरामभाऊंचा धूर

सकाळचे साडेसहा. यशोदाबाई ओट्यापाशी चहात आलं किसत होत्या आणि दर दोन मिनिटांनी विचारत होत्या, "अहो, माझी शाल कुठंय?" धोंडीरामभाऊ पेपरात तोंड खुपसून बसले होते. पेपर कालचा होता.

तेवढ्यात दार वाजलं. बेल असताना कुणी मुठीनं दार ठोकलं की समजावं, पाहुणा चहाला आलेला नाही.

दारात खालच्या मजल्यावरच्या जहिदाभाभी. डोळे लाल, हातात लेकीचा कॉलेजचा ड्रेस.

"हुंगा!"

यशोदाबाईंनी हुंगला. "वांग्याचं भरीत?"

"गच्चीत वाळत होता, ताई! आणि घरात एवढा धूर, की हेच उभे आहेत असं समजून मी पाच मिनिटं फ्रिजशी भांडले. फ्रिज पण ह्यांच्यासारखाच गप्प!"

भाऊंनी पेपर आणखी वर धरला.

अंबडच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं पत्रा दाबायचं प्रेस मशीन चालवल्यामुळे दाब हा विषय आपलाच, असं भाऊंचं मत. निवृत्त झाल्यावर त्यांनी गच्चीत पिंपात एक द्राक्षवेल लावली. चौथ्या वर्षी, म्हणजे यंदा, पहिला घड धरला. एकच. मणी एकवीस. आणि परवापासून हवेचा दाब वाढलेला. आभाळ निरभ्र, वारा ठप्प, पहाटे पारा चारावर. असल्या थंडीत मण्यांना तडे जातात. चांदवडकडचे त्यांचे भाऊबंद पहाटे बागेत शेकोट्या करतात. भाऊंनीही घमेल्यात गोवऱ्या आणि ओला पाला पेटवला होता.

"पण धूर वर का नाही गेला?" भाभींनी विचारलं.

भाऊंना राहवेना. पेपर खाली आला. "जाईल कसा? दाब आहे ना! गार हवा खाली, उबदार वर. झाकणच बसतं. मला ठाऊकच होतं, धूर वेलीपाशीच थांबणार."

"आणि वेलीखाली सहा बिऱ्हाडं राहतात, ते?"

"ते तेवढं राहिलं."

"रविवारच्या सोसायटीच्या मीटिंगला पिंप खाली उतरवायलाच लावते!" म्हणत भाभी तरातरा गच्चीत गेल्या. मागून यशोदाबाई, त्यांच्यामागे चप्पल उलटी घातलेले भाऊ.

वेल शाल पांघरून उभी होती. घडाला भाऊंची माकडटोपी.

"माझी शाल!" यशोदाबाईंनी ओढूनच घेतली.

भाभींनी टोपी अलगद वर केली. एकेक मणी न्याहाळला. ओठ दाबले, तरी हसू फुटलंच. "एक तडकलाय. वीस शाबूत. पण पुन्हा धूर केलात तर बघा हां, भाऊ!"

"नाही करणार. शपथ." भाऊ उघड्या वेलीकडे बघत राहिले. थंडी अजून दोन रात्री होती.

"भाभी," ते म्हणाले, "तुम्ही गच्चीत उन्हाला घालता ती लाल रजई दोन रात्री वेलीला द्या."