कडूबाईंचे धपाटे

चिकलठाण्याच्या कारखान्यांतल्या पोरांना कडूबाईंनी उभा जन्म डबे पुरवले. परगावची पोरं, कुणाची आई सोयगावला, कुणाची आणखी कुठं. बाईंनी एकाचाही डबा कधी चुकवला नाही. पोटचा आकाश मात्र त्यांच्या घरातून उपाशी गेला. चांगली लागलेली नोकरी सोडून तो थायलंडला चीवर घेऊन भंते व्हायला निघाला, त्या दिवशी बाईंनी रागानं त्याचं ताटच वाढलं नाही. पोरगं पाया पडलं आणि तसंच गेलं.

ते न वाढलेलं ताट बाईंच्या मनाला लागून राहिलं. रोजची वंदना होई, पौर्णिमेला अष्टशील होई, पण जिवाला शांती म्हणून नाही. म्हणून वस्तीतल्या उपासकांची सहल थायलंडला निघाली तेव्हा त्यांनी सगळ्यांच्या आधी नाव दिलं. निघताना ज्वारीचे धपाटे केले, तीळ लावून, खरपूस, प्रवासात टिकतील असे. आकाशला ते लई आवडायचे. पिशवी मांडीवरून हलेना.

"खाली ठेव की गं," शेजारीण सरिता विमानात म्हणाली. "धपाट्यांना काय पंख फुटणारेत?"

"तू तुझ्या घोरण्याचं बघ. सगळं विमान जागं केलंस."

उथाई थानी हा तिकडचा एक प्रांत. जिकडं बघावं तिकडं रान, आणि नदीत बांबूच्या तराफ्यांवर तरंगती घरं. धुणं तिथंच, मासे तिथंच, कुंडीतली कोथिंबीरही तिथंच. एका म्हातारीच्या तराफ्यावर दोघींचा मुक्काम होता. शेजारून बोट गेली की घर डुलायचं आणि सरिता खांबाला मिठी मारायची.

आकाश राहायचा तो विहार पलीकडच्या रानात होता. सकाळी भंतेंची होडी घराघरापुढं थांबत भिक्षेला आली. वल्हं आकाशच्याच हातात. डोकं तुळतुळीत, गालफडं बसलेली. म्हातारीनं कौतुकानं भाताचं भांडं कडूबाईंच्याच हाती दिलं.

"धपाटे काढ ना!" सरिता कुजबुजली.

"आत्ता नाय. अकराला जायचंच आहे विहारात. निवांत बसवून वाढते. असं घाईघाईत काय वाढायचं लेकराला?"

आपल्याकडं भंतेंना भोजनदान अकराच्या सुमाराला असतं, बारा वाजायच्या आत उरकतं. बाईंनी घरी कितीदा तरी केलेलं. त्यांनी खाली मान घालून म्हातारीचा भात पात्रात वाढला आणि हात जोडले. होडी थोडी थांबली. वल्हं पाण्यात पडेना. मग हळूच पुढं गेली.

अकराला विहारात पोचल्या, तर पात्रं धुऊन पालथी घातलेली. आकाश पाचोळा झाडत होता. तो येऊन समोर, पण जरा लांब बसला. बाईंनी पिशवी सोडली. लसणाचा वास सुटला.

"इथं रानातले भंते एकदाच जेवतात," तो म्हणाला. "सकाळच्या भिक्षेचं, तेवढंच."

"अजून बारा कुठं वाजलेत?"

"एकदा जेवून उठलं की झालं."

"मग उद्याला ठेव."

"भंतेंना अन्न साठवून ठेवता येत नाय."

बाईंनी पिशवी पुन्हा बांधली. सहलीची बस दुपारीच सुटणार होती. "सकाळी तुला कळलं होतं का रे, मी काय आणलंय ते?"

"वास आला होता," तो हसला.

"मग बोलला का नाहीस?"

"मागायचं नसतं. समोरच्यानं दिलं तर घ्यायचं."

त्यानं आशीर्वादाची गाथा म्हटली. बाईंनी पंचांग प्रणाम केला. डोक्यावरून हात फिरवावा असं लई वाटलं, पण भंतेंना बाईमाणसानं, आईनंसुद्धा, शिवलेलं चालत नाही.

तराफ्यावर परतून त्यांनी पिशवी म्हातारीच्या हवाली केली. भाषेचा पत्ता नाही. उद्या सकाळी म्हणून सूर्य उगवतो तिकडं बोट, मग होडी, वल्हं, पात्र, सगळ्या खुणा करून झाल्या. म्हातारीनं पुन्हा पुन्हा मान हलवली आणि पिशवी कपाळाला लावली.

बस निघाली तशी सरितानं बाईंचा हात हातात घेतला. "खाईल गं तो उद्या. म्हातारी शहाणी आहे, बरोबर वाढील."

"व्हय, वाढील," कडूबाई म्हणाल्या. "तीच वाढील."