म्हशीनं जिंकलेला कूलर

आमच्या घरातला कूलर कुणी विकत आणला नव्हता, तो म्हशीनं जिंकला होता. शिरूर कासारकडच्या आमच्या गावात, वर्षभरात सगळ्यात जास्त दूध घालणाऱ्याला दूध सोसायटीनं बक्षीस ठेवलं होतं. वडील तो पत्र्याचा डबा जीपमध्ये टाकून घरी आले आणि आधी स्वतःच्या गळ्यातला हार काढून म्हशीला घातला.

कूलर चालवायचा योग मात्र काही जुळेना. लाइट असली की पाणी नाही, पाणी आलं की लाइट गेलेली. दात आहेत तर चणे नाहीत, अशी गत. हिवाळ्यात कोंबडीनं त्याच्या गवतात अंडी घातली. वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "वारा न्हाई दिला, पर अंडी देतंय यंत्र."

पुढं दुष्काळ पडला आणि त्याच सुमारास वडिलांची एक बाजू लुळी पडली. उन्हाळ्यात पत्र्याचं घर नुसतं तापायचं. मी त्यांच्यासाठी माहेरी येऊन राहिले. टँकरचा भरवसा नव्हता, तरी आई एक हंडा कूलरमध्ये ओतायचीच. कूलरला दोन बटणं होती, एक पंख्याचं आणि एक पाण्याचं. पंखा ते चालू देत. पाण्याच्या बटणाकडं हात गेला की चांगल्या हातानं खाट बडवायचे.

"पानी नको. म्हशीला ऱ्हाऊ दे."

"तिचं येगळं ठिवलंय," आई म्हणायची.

"कूलर कुनी जिंकला? मग पानी बी तिचंच हाय."

मला हसू यायचं आणि संतापही यायचा. माणूस घामानं निथळतोय आणि म्हशीची वकिली करतोय. दिवस मावळताना आई टाकीचं बूच काढून ते पाणी बादलीत धरायची आणि म्हशीपुढं ठेवायची. तिचा पाणी ओढण्याचा आवाज आला की वडिलांचा डोळा लागायचा.

ते गेले त्या दुपारी घरात पाण्याचा थेंब नव्हता. शेवटची आंघोळ घालायला भावकी जमली, पण शेजाऱ्यांचे हंडेही पालथे. उरलंसुरलं पाणी आईनं सकाळी कूलरमध्ये ओतलेलं. ती उठली, कूलरपाशी बसली आणि तिनं बूच काढलं. पाण्यात गवताच्या काड्या होत्या. पदरानं गाळून तिनं ते चुलीवर ठेवलं. तोवर मी धीर धरला होता. पण त्यांना गार वारा लागावा म्हणून ठेवलेलं पाणी आम्ही तापवत होतो, हे बघून मला रडू आवरेना.

सगळे स्मशानातून परतले तेव्हा दिवस मावळत होता. दावणीला म्हैस रेकत होती. आई तिच्याजवळ गेली, रिकामी बादली तिच्यापुढं ठेवली आणि तिच्या मानेवर हात ठेवून म्हणाली, "आज तुजं पानी त्येंला लागलं, माय."